हक्काची बाटली

समजा, साताऱ्याकडचा एक जवान दोन महिन्यांची रजा संपवून पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला निघाला आहे. दुपारी घर सोडताना चुलत्याबरोबर दोन पेग झाले, तेवढेच शेवटचे. गाडीत घ्यायची नाही असे त्याने मनाशी ठरवले आहे, कारण पलटणीत ताठ उभे राहून हजर व्हायचे आहे.

मनमाडला चहाचा कप हातात घेतो तर चहा हिंदकळतो. रात्रभर झोप नाही, घामाने बनियन ओले. सकाळी भोपाळला कोणी पुरी-भाजी पुढे करते, पण वासानेच पोट ढवळते. आग्र्याच्या आसपास त्याला वाटते, पलीकडच्या डब्यातून कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारते आहे. दोनदा उठून तो बघून येतो. अंबाला सुटल्यावर मध्यरात्री त्याला फिट येते. सोबतचे लोक नाकाला कांदा लावतात, पाणी मारतात. जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पात पोचेपर्यंत आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही आणि अंथरुणावर नसलेले मुंगळे तो हाताने झटकत बसतो. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते बाहेरचे काहीतरी आहे. डॉक्टर मात्र सोबत आलेल्याला एकच प्रश्न विचारतात, "याने शेवटची कधी घेतली होती?"

परवा दुपारी. रोगाचे निदान या दोन शब्दांत आहे. जवान आजारी पडला तो दारू पिऊन नव्हे, दारू थांबल्यामुळे.

हा जवान कल्पित आहे, पण त्याच्या शरीराचे वेळापत्रक खरे आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते. बारा ते चोवीस तासांत काहींना भास होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वांत धोक्याची अवस्था येते. तिला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. ताप, भ्रम, बेफाम वाढलेली नाडी अशी तिची लक्षणे असतात आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो.

रस्सीखेच

असे का होते? पलटणीतला आवडता खेळ आठवा, रस्सीखेच. मेंदूत दोन संघ सतत दोर ओढत असतात. गाबा नावाचे रसायन मेंदूला शांत करते, ग्लुटामेट त्याला जागे ठेवते. दारू शांत करणाऱ्या संघाला मदत करते. ती रोज येऊ लागली की मेंदू तोल सांभाळण्यासाठी समोरच्या संघात गडी वाढवतो. दोर मध्यावर राहतो, माणूस वरवर ठीक दिसतो. मग एके दिवशी दारू मैदान सोडून जाते. समोरचे वाढवलेले गडी अजूनही जीव खाऊन ओढतच असतात. दोर एका बाजूला खेचला जातो, तीच थरथर आणि तीच फिट.

या गडी वाढवण्यालाच आपण कौतुकाने 'पचवणे' म्हणतो. "आमच्या हवालदाराला चढतच नाही. अर्धी बाटली झाली तरी पहाटे पीटीला सगळ्यांच्या पुढे." हे वाक्य फौजेत शाबासकीचे असते. वैद्यकाच्या दृष्टीने ती धोक्याची घंटा आहे. पूर्वीएवढी पिऊन काहीच वाटत नाही, याचा अर्थ मेंदूने तिच्याशी जुळवून घेतले आहे. १९७६ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांचे अमेरिकन सहकारी मिल्टन ग्रॉस यांनी या अवस्थेचे नेमके वर्णन केले. पिण्याची अनावर ओढ, किती पिणार यावरचा ताबा सुटणे, सहनशक्ती वाढणे, न मिळाल्यास त्रास होणे, बाकीचे आयुष्य बाटलीभोवती आक्रसत जाणे आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणे, ही लक्षणे पुढे जागतिक निकषांत आली. सहांपैकी तीन एका वर्षात एकत्र दिसली की ते 'अवलंबित्व' मानले जाते. फौजेच्या दवाखान्यात त्याला एडीएस म्हणतात. दारूडा, बेवडा या शिव्यांपेक्षा हा शब्द कोरडा आहे, पण त्यात शिक्षा नाही, निदान आहे.

रजिस्टरमधले तीन रकाने

सैनिक पितो, यात नवल काही नाही. नांगरणारा, गिरणीत राबणारा, कचेरीत बसणाराही पितो. पण सैनिकाला ती शतकानुशतके सरकारनेच वाटली. त्याच्या पगारात, रेशनात आणि शौर्याच्या बक्षिसात दारू धरलेली असे. 

याची सर्वांत ठळक कथा ब्रिटिश आरमाराची. लांबच्या सफरीत पिंपातले पाणी शेवाळते, बिअर आंबते. १६५५ साली इंग्रजांनी जमैका जिंकले आणि उसाच्या मळीपासून काढलेली, कधीही न बिघडणारी रम हाताशी आली. पुढे प्रत्येक खलाशाला दिवसाला अर्धा पिंट, म्हणजे सुमारे २८४ मिलिलिटर कडक रम मिळू लागली. खलाशी शिडाच्या दोरांवरून पडू लागले, तेव्हा १७४० साली ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी ती पाणी घालून, दिवसातून दोनदा वाटायचा हुकूम काढला. ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा झगा घालणाऱ्या या ॲडमिरलला खलाशी 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. त्यांच्या पाणीदार पेयाचे नाव पडले ग्रॉग.

१८२४ मध्ये माप निम्मे झाले, १८५० मध्ये आणखी निम्मे. तरीही विसाव्या शतकात रोज सुमारे ७१ मिलिलिटर रम वाटली जातच होती. ती जहाजावरचे चलन बनली होती. पाळी बदलून हवी, एक घोट. कोणी मोठा उपकार केला, अख्खा पेला. ३१ जुलै १९७० रोजी हे वाटप कायमचे बंद झाले. रडार, क्षेपणास्त्रे आणि नाजूक यंत्रे सांभाळणाऱ्या हातांना दुपारच्या आतच रम देणे परवडणारे नव्हते. काही खलाशांनी त्या दिवशी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या.

या कथेतला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. जहाजाच्या नोंदवहीत प्रत्येक खलाशाच्या नावापुढे एक खूण असे. 'जी' म्हणजे ग्रॉग घेणारा, 'यूए' म्हणजे वय न झालेला आणि 'टी' म्हणजे न पिणारा. 'टी'वाल्याला रमच्या बदल्यात दिवसाला तीन पेन्स जादा मिळत. रक्कम किरकोळ, पण न पिणे ही त्या व्यवस्थेत एक नोंदलेली, पगारी आणि लाज न वाटणारी निवड होती. हा 'टी' लक्षात ठेवू या.

परवानगी आणि गुन्हा

भारतातल्या गोऱ्या पलटणींतही दारूचा असाच राबता होता. १८६२ साली आग्र्याला गेल्सन ग्रेगसन या पाद्र्याने सैनिकांसाठी दारूमुक्ती मंडळ काढले. भारतातले तेव्हाचे सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये अशा मंडळांना एकत्र आणून आर्मी टेम्परन्स असोसिएशन उभे केले. रॉबर्ट्स यांनी नुसता उपदेश केला नाही. संध्याकाळी सैनिकाला बसायला दारूच्या कँटीनखेरीज जागाच नाही, हे त्यांनी ओळखले आणि पलटणीत कॉफीचे दुकान, वाचनाची खोली, खेळ यांची सोय केली.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न मुंबईच्या दारात आला. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदी कायदा केला. एफ. एन. बलसारा या नागरिकाने त्याला आव्हान दिले आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात एक मुद्दा होता लष्कराच्या मेस आणि कँटीनना दिलेल्या सवलतीचा. सामान्य माणसाला बंदी आणि फौजीला मुभा, ही समानता कशी? १९५१ च्या निकालात न्यायालयाने ही सवलत मान्य केली. सैन्यदलांची परंपरा आणि राहणी वेगळी, त्यांना त्यांचे स्वतःचे नियम आहेत, असा त्यामागचा विचार होता.

पण त्याच सुमारास, १९५० च्या सैन्य अधिनियमातले कलम ४८ सांगत होते की नशेत आढळणे हा गुन्हा आहे, मग सैनिक कामावर असो वा नसो. शिपायाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शांततेच्या काळात, कामावर नसताना, सहा महिन्यांपर्यंत.

एका हाताने सवलत, दुसऱ्या हाताने दंडुका. वरवर यात विसंगती नाही: प्या, पण मर्यादेत. ज्याची मर्यादा आजारानेच पुसली आहे, तो मात्र या दोहोंच्या मध्ये सापडतो. पिणे कबूल केले तर गुन्हा, नाकारले तर उपचार नाहीत. मग तो लपवायला शिकतो. बडीशेप, वेलदोडा, पहाटेची अंघोळ, मित्राने रोल कॉलला सांभाळून घेणे. आणि दोस्ताला सांभाळून घेणे हा तर फौजेचा पहिला धर्म.

थंडी, झोप आणि संगत

सैनिक का पितो, याचे पहिले उत्तर असते थंडी. बर्फात रम लागतेच, असे गावाकडचा शाळकरी पोरगाही सांगेल. शरीरशास्त्र नेमके उलटे सांगते. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम रक्त बाहेरच्या बाजूला येते, म्हणून ऊब वाटते. पण तीच उष्णता हवेत निघून जाते आणि आतले तापमान घसरते. थंडीत अंग कुडकुडते ते उष्णता तयार करण्यासाठी. दारू तेही मंदावते. उंचावर प्राणवायू विरळ असतो, तिथे झोपेतला श्वास ती आणखी उथळ करते. म्हणजे रम थंडी घालवत नाही, थंडी कळू देत नाही.

दुसरे उत्तर झोप. पहाऱ्याच्या पाळ्या आणि अनेक महिने कान टवकारून राहणे यामुळे झोपेचे गणित मोडते. एका पेगने डोळा लागतो खरा, पण दारू उतरू लागली की उत्तररात्री झोप तुटते. मग दुसरा पेग. औषध म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी रोगाचे कारण होते.

तिसरे आणि सर्वांत बळकट उत्तर संगतीचे. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा घर सोडून येतो. पलटण हेच त्याचे घर. बडा खाना, बढती, पोस्टिंगचा निरोप, मोहिमेवरून सुखरूप परतणे आणि न परतलेल्याची आठवण, या साऱ्यांना पेल्याची साथ असते. जिथे शेजारच्यावर जीव सोपवायचा, तिथे त्याच्या हातचा पेला नाकारणे सोपे नसते.

युद्धाच्या भीषण आठवणी हे कारण आपण पहिले धरतो. ते खरे आहे, पण पुरे नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये ब्रिटिश सैन्याची पाहणी प्रसिद्ध केली. मोजमाप होते जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या 'ऑडिट' चाचणीचे. ४० पैकी ८ वा अधिक गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर. सैन्यातले ६७ टक्के पुरुष आणि ४९ टक्के स्त्रिया या रेषेपलीकडे होत्या. सामान्य जनतेत हे प्रमाण ३८ आणि १६ टक्के होते. त्याच गटाने २०१० मध्ये सुमारे १०,००० जणांचा दुसरा अभ्यास मांडला, इराक आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांनंतरचा. आघातोत्तर मानसिक विकाराची लक्षणे ४ टक्क्यांत आढळली, दारूचा गैरवापर १३ टक्क्यांत. वृत्तपत्रे ज्या जखमेबद्दल लिहितात, तिच्या तिप्पट मोठी जखम पेल्यात होती.

शिस्त सुटते, कोटा सुटत नाही

पश्चिम महाराष्ट्रात या गोष्टीचा दुसरा अंक घडतो तो पेन्शनीनंतर. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कित्येक गावांत घरटी फौजी आहेत. शिपाई चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतो. आवाजात जरब, अंगात रग, पोरे अजून शाळेत. कालपर्यंत त्याचा दिवस बिगुलाने बांधलेला होता: पहाटे पीटी, मग काम, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. पिणे होते ते या चौकटीतल्या एका फटीत. गावात चौकट गळून पडते आणि फट उरते.

कँटीनचे कार्ड मात्र सोबत येते. १९४८ पासून सैनिकांना माल पुरवणाऱ्या आणि मुख्यालय मुंबईत असलेल्या कँटीन खात्यामार्फत निवृत्तांनाही दारूचा ठरावीक मासिक कोटा मिळतो, बाजारापेक्षा बराच स्वस्त. गावात या बाटलीला मान असतो. "मिल्ट्रीची आहे, भेसळ नाही," म्हणून तलाठ्यापासून पाव्हण्यापर्यंत सगळ्यांची तिच्यावर नजर. कोणी ती वाटून नाव कमावतो, कोणी विकून चार पैसे. अनेक निवृत्त सैनिक कोट्याला हातही लावत नाहीत. पण ज्याचे अवलंबित्व नोकरीच्या शिस्तीखाली झाकलेले होते, त्याला आता सकाळी अकरालाही अडवणारे कोणी नसते. कोटा संपला की देशी आहेच. सुभेदारसाहेबांना टोकणार कोण? गाव गप्प राहते, बायको गप्प राहते, मुले बापाचा पायरव ऐकून अभ्यासाची खोली बदलतात.

माळ

यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे आणि तो पुष्कळ जणांनी चाललेला आहे. पहिली पायरी दवाखान्यातली. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी बसून एका दिवसात बंद करणे धोक्याचे, हे झेलममधल्या जवानाने दाखवलेच. दवाखान्यात डायझेपाम किंवा लोराझेपामसारख्या औषधांनी रस्सीखेच हळूहळू सैल करतात आणि दारूने आटलेले ब-१ जीवनसत्त्व भरून काढतात. त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे आठवडा-दहा दिवसांचे काम. पुढची वाट लांब. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे ओढ कमी करतात. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली तर ती शरीरात मधल्या विषारी टप्प्यावर अडते आणि माणूस हैराण होतो. म्हणून ते रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून आमटीत कालवणे जिवावर बेतू शकते.

पण औषध घेणारा माणूस परत कुठे जातो, यावर निम्मे यश ठरते. फौजेत निदान झाले की वैद्यकीय श्रेणी खाली येते, ठरावीक काळाने तपासणी होते, पलटणीच्या कमांडरचा अहवाल लागतो. देखरेखीचा फायदा मोठा आहे. बाहेरच्या जगात रुग्णावर इतके लक्ष कोण ठेवतो? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला उपचार मिळतो. मात्र श्रेणी घसरली की बढती आणि पोस्टिंग अडकतात, ही भीती सैनिकाला लवकर पुढे येऊ देत नाही. तो येतो तेव्हा बहुधा फिट येऊन गेलेली असते.

ज्या संघटनेने बरे होण्याला सोबत मिळवून दिली, तिचा एक संस्थापकही फौजीच होता. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे बिल विल्सन. पहिल्या महायुद्धात तरुण अधिकारी असताना एका मेजवानीत त्यांनी पहिला पेला घेतला. युद्धावर जाताना इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या चर्चच्या आवारात त्यांनी १७६४ साली मेलेल्या एका ग्रेनेडियरचे थडगे पाहिले. तापलेल्या अंगाने बिअर पिऊन तो गेला, असे त्यावर कोरलेले होते. विल्सन यांना त्या दगडाचा अर्थ कळायला बरीच वर्षे लागली. १९३५ साली त्यांनी डॉ. बॉब स्मिथ यांच्यासह ही चळवळ सुरू केली. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी उभ्या केलेल्या 'मुक्तांगण'नेही हेच ओळखले की व्यसनी माणसाला उपदेशक नको, त्याच वाटेने आलेला सोबती हवा. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्याच सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा खास कक्ष सुरू झाला. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसशी बोलता येते आणि ते बोलणे जवानाच्या बायकोलाही करता येते.

आणि एक सोय आपल्याकडे फार जुनी आहे. गावच्या जेवणावळीत कोणी पेला पुढे केला आणि समोरचा म्हणाला, "माळकरी आहे," की विषय संपतो. कोणी आग्रह करत नाही, कोणी पुरुषार्थ काढत नाही. तुळशीच्या माळेने कितीजणांची दारू सोडवली हे कोणी मोजले नसेल, पण तिने 'नको' म्हणणाऱ्याला मानाची जागा दिली आहे. जहाजावरच्या नोंदवहीतला 'टी' तेच करत होता. उपचार घेऊन परतलेल्या जवानाच्या फाइलवर मात्र घसरलेल्या श्रेणीचा शिक्का असतो, आणि पहिल्याच बडा खान्याला जुना दोस्त प्रेमाने म्हणतो, "आज एक चलेगा."

त्या क्षणी सुभेदारसाहेबांनी नुसता सोड्याचा पेला उचलून त्याच्याशेजारी उभे राहावे. अख्खी पलटण बघत असते.